देवांची नातीगोती: एकच वंशवृक्ष शोधण्याचा हट्ट कशासाठी?

१/
भाद्रपदात गणपती बसतो आणि दोन-तीन दिवसांनी गौरी येतात. या गौरी गणपतीच्या कोण? काही घरांत गौरी म्हणजे त्याची आई पार्वती. काही घरांत त्या त्याच्या बहिणी. कुठे ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशी जोडी येते, 'महालक्ष्म्या' म्हणून पुजली जाते, आणि गणपतीशी तिचे नाते कोणी विचारतच नाही. एका भागातली मुलगी दुसऱ्या भागात सून म्हणून गेली की पहिल्याच सणाला हा वाद निघतो. दोघीही आपापल्या आजीचा हवाला देतात आणि दोघीही खरे बोलत असतात.

२/
असे वाद हल्ली समाजमाध्यमांवर निकालासाठी येतात. 'खरे नाते कोणते?' असे विचारले जाते, कोणी पुराणातला दाखला देतो, कोणी देवांचा वंशवृक्ष काढून टाकतो. या थ्रेडचे म्हणणे असे की निकाल मागण्यातच चूक आहे. देवांची नाती हे त्यांना मानणाऱ्या माणसांनी आपापसांत केलेले करार असतात. करार बदलले की नाती बदलतात. त्यांतली एकच प्रत अस्सल ठरवली, तर बाकीच्या प्रतींवर ज्यांची निशाणी आहे त्यांचा वाटा जातो.

३/
सुरुवात दूरच्या उदाहरणाने करू. ग्रीक देवांचा वंशवृक्ष आज शालेय पुस्तकांतही छापलेला असतो. म्हणून तो पहिल्यापासून एकसंध होता असा समज होतो. इतिहासकार हेरोडोटस मात्र इ.स.पू. पाचव्या शतकातच सांगून गेला की ग्रीकांना देवांची वंशावळ दिली ती होमर आणि हेसिअड या कवींनी. म्हणजे ग्रीकांना स्वतःलाही ठाऊक होते की ही मांडणी कोणीतरी, कधीतरी केलेली आहे.

४/
त्या दोन कवींचेही आपसांत जुळत नाही. होमरच्या 'इलियड'मध्ये अफ्रोडायटी ही झ्यूस आणि डायोनी यांची मुलगी. हेसिअडच्या मते ती समुद्राच्या फेसातून जन्मली, म्हणजे झ्यूसपेक्षाही आधीच्या पिढीची. हेफेस्टस हा होमरच्या लेखी झ्यूस आणि हेरा यांचा मुलगा. हेसिअड सांगतो की हेराने रागाच्या भरात त्याला एकटीनेच जन्म दिला. पुढे प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मधले एक पात्र यावर तोड काढते: अफ्रोडायटी दोन आहेत, एक स्वर्गीय आणि एक लौकिक. दोन कथा जुळेनात, तर देवीच दोन केल्या.

५/
आयॉनची गोष्ट याहून बोलकी आहे. जुन्या वंशावळीत हेलनचे मुलगे डोरस, झुथस आणि इओलस. आयॉन हा झुथसचा मुलगा, म्हणजे डोरसचा पुतण्या. डोरसपासून डोरियन लोक, आयॉनपासून आयोनियन. आता काळ पाहा. इ.स.पू. ४३१ ते ४०४ या वर्षांत अथेन्स आणि स्पार्टा यांचे युद्ध चालू होते. अथेन्सच्या मित्रनगरांत बहुसंख्य आयोनियन, स्पार्टा डोरियन. याच युद्धाच्या काळात युरिपिडिसने 'आयॉन' हे नाटक लिहिले.

६/
नाटकात आयॉनचा खरा बाप निघतो अपोलो आणि आई अथेन्सची राजकन्या क्रेउसा. शेवटी अथेना येऊन सांगते की क्रेउसा आणि झुथस यांना पुढे डोरस होईल. जो जुन्या वंशावळीत चुलता होता तो आता धाकटा सावत्र भाऊ झाला, तोही मर्त्य बापाचा. आयोनियनांच्या मूळपुरुषाला देवाचे रक्त आणि थोरलेपण, दोन्ही मिळाले. रणांगणावर जो दावा चालला होता, तोच रंगभूमीवर एका आईबापाच्या अदलाबदलीने मांडला गेला. वंशावळ राजकारण कसे करते, याचा यापेक्षा स्वच्छ नमुना मिळणे अवघड.

७/
आता घराकडे येऊ. पुण्यातल्या पर्वतीवर कार्तिकेयाचे मंदिर आहे. महाराष्ट्रात कार्तिकेय ब्रह्मचारी मानला जातो आणि कार्तिक पौर्णिमेचा योग सोडता स्त्रियांनी त्याचे दर्शन घेऊ नये असा रिवाज आहे. तमिळनाडूत तोच देव मुरुगन होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बायका उभ्या असतात. तिकडे गणपती थोरला आणि बहुधा ब्रह्मचारी. इकडे कार्तिकेय थोरला आणि गणपतीला ऋद्धी-सिद्धी. जन्माचेही तसेच. महाभारताच्या वनपर्वात तो अग्नी आणि स्वाहा यांचा मुलगा, अन्यत्र शिवाचा, आणि त्याला दूध पाजणाऱ्या कृत्तिका सहा.

८/
मुरुगनच्या बायका कोण, हे इथे महत्त्वाचे. देवसेना ही इंद्राची मुलगी. वल्ली ही डोंगरातल्या कुरवर या शिकारी जमातीत वाढलेली. एक वरच्या लोकातली, रीतसर विवाहाची. दुसरी रानातली, प्रेमाची. देवाने दोन समाजांशी सोयरीक केली आणि दोन्ही समाज त्याचे झाले. हा साचा मराठी माणसाला ओळखीचा वाटला पाहिजे, कारण तो जेजुरीच्या पायऱ्यांवर दगडात उभा आहे.

९/
खंडोबाची पहिली बायको म्हाळसा, नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. सातारा जिल्ह्यातल्या पाली येथे तिचे लग्न लागले आणि दर पौषात ते पुन्हा लागते. दुसरी बाणाई, धनगराची मुलगी, मालेगावजवळच्या चंदनपुरीची. सारीपाटात हरलेला देव घर सोडतो, म्हाताऱ्याचे सोंग घेऊन बाणाईच्या बापाकडे चाकरीला राहतो आणि मेंढरे राखतो. देवाने माणसाकडे नोकरी धरली, तीही मेंढपाळाकडे. ही कल्पना धनगरांखेरीज कोणाला सुचली असती?

१०/
कथा इथे थांबत नाही. रंभाई शिंपीण, फुलाई माळीण, चांदाई, असा परिवार वाढत जातो. चांदाई कुठे तेलीण, तर कुठे मुसलमान मानली जाते. पाच बायका म्हणजे देवाच्या रंगेलपणाची यादी समजणे सोपे आहे. पण प्रत्येक बायकोच्या मागे एक जात उभी आहे आणि ती जात सांगते आहे की खंडोबा आमचा जावई. जावयाच्या घरी माहेरच्यांचा मान असतो. देवळात पाऊल टाकायला, पालखीला खांदा द्यायला, भंडारा उधळायला हा मान पुरतो.

११/
नाते जागेवरही लिहिलेले असते. जेजुरी गडावर मुख्य मंदिरात देवाशेजारी म्हाळसा. बाणाईचे ठाणे अर्ध्या डोंगरावर. वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत दोघी सवती भांडतात: एक शाकाहारी, एक मांसाहारी, एकीला दुसरीच्या अंगाला मेंढरांचा वास येतो. वाणी आणि धनगर, बाजारपेठ आणि माळरान, यांच्यातले अंतर जे कोणत्या बखरीत सापडणार नाही ते या भांडणात आहे. बाणाई डोंगर चढली, पण अर्धाच. ही वस्तुस्थिती कथेने लपवलेली नाही.

१२/
मग संस्कृत माहात्म्य येते. 'मल्लारी माहात्म्य' खंडोबाला शिवाचा अवतार मार्तंडभैरव ठरवते. त्या चौकटीत म्हाळसा झाली पार्वती आणि बाणाई झाली गंगा. यात बाणाईचा सन्मान झाला हे खरे. पण गंगा झाल्याबरोबर तिचा बाप गेला, वाडा गेला, मेंढरे गेली. गंगेला धनगर बाप असण्याचे कारणच उरत नाही. देवीची बढती झाली आणि तिच्या माहेरची माणसे कथेतून बाहेर पडली.

१३/
पंढरपुरातही हेच घडलेले दिसते. रुक्मिणी विठ्ठलाशेजारी नसून वेगळ्या मंदिरात आहे. ती रुसून आली असे कथा सांगते. धनगरांच्या ओव्यांत मात्र विठ्ठलाची बायको पदूबाई आणि त्याचा भाऊ बिरोबा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेव आजही जोडीने नांदतात. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ सालच्या ग्रंथात या गोपजनांच्या विठ्ठलाचा माग काढला. कृष्णरूप विठ्ठलाला बिरोबा हा भाऊ असणे अडचणीचे. ओवी गाणाऱ्या धनगराला ते मुळीच अडचणीचे नाही.

१४/
ढेरे मूळचे आंदर मावळातल्या निगडे गावचे. त्यांच्या शेजारची मुळशीची खोरी बारा मावळांत मोडतात. कार्ल्याच्या लेण्यातल्या शिलालेखात 'मामाल' हे नाव येते, तेच हे मावळ. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या नावाचा संबंध पाण्याकाठच्या 'मावलायां'शी, म्हणजे लहान मातृदेवतांशी जोडला. त्यांचे मत मान्य करा वा न करा, एक गोष्ट डोळ्यांना दिसते. या खोऱ्यांतल्या जुन्या देवींना नवरा नाही. ओढ्याकाठच्या साती आसरांना बाप नाही. ताम्हिणीच्या विंझाईच्या नावातच 'आई' आहे. मुले कोणाची, तर गावाची.

१५/
कोसंबी हे गणितज्ञ; पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि गावे पायी हिंडून त्यांनी शेंदऱ्या दगडांची नोंद केली आणि १९६२ साली 'मिथ अँड रिॲलिटी' हे पुस्तक दिले. त्यांना एक विसंगती दिसली. म्हसोबा हा नावावरून महिषासुर. पुराणात देवी महिषासुराला मारते. पण पुणे जिल्ह्यातच तीच देवी योगेश्वरी, लोकांच्या तोंडी जोगूबाई, या म्हसोबाच्या एका रूपाशी लग्न लावते. एकीकडे वध, एकीकडे विवाह. कोसंबींनी यात दोन समाजांच्या संघर्षाची आणि नंतरच्या समेटाची खूण वाचली: मातृदेवतांना मानणारे आधीचे रानकरी आणि पुरुषदेव घेऊन आलेले गवळी-धनगर.

१६/
हा विवाह पाहायचा असेल तर पुरंदर तालुक्यातल्या वीर गावी माघ पौर्णिमेला जावे. म्हस्कोबा आणि जोगूबाई यांचे लग्न तिथे लागते. हा देव सोनारीच्या भैरवाकडून एका धनगर भक्तासाठी इकडे आला अशी कथा आहे. लग्नाला कोडीतची पालखी येते, गावोगावच्या काठ्या येतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर १९७६ साली ग्रंथ लिहिला तो अशा जत्रा पाहून आणि ओव्या ऐकून. लग्नाला जसे वऱ्हाड लागते, करवली लागते, तसेच इथे प्रत्येक गावाला काम नेमून दिलेले आहे. देवाचे नाते म्हणजे त्या कामांची यादी.

१७/
मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत हीच गोष्ट दुसऱ्या रूपात दिसते. तिथले आणि शेजारच्या वाकडचे ग्रामदैवत एकच, म्हातोबा. चैत्र पौर्णिमेला हिंजवडीतून बगाड निघते आणि वाकडला जाते. बगाडाचे लाकूड, त्याला शेले म्हणतात, वरच्या मुळशीतल्या बार्पे गावच्या रानातून आणले जाते. म्हणजे रान, गाव आणि पेठेकडचे गाव, असे तीन बिंदू एका देवाने जोडलेले. कोणाकडून लाकूड, कोणाचा खांदा, कोण गळकरी, हे सगळे ठरलेले. ज्याला वंशवृक्ष म्हणायचे तो इथे कागदावर नाही, रस्त्यावर आहे.

१८/
त्या रस्त्याचे काय झाले ते सर्वांसमोर आहे. हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. शेते गेली, वाड्या सोसायट्या झाल्या. बगाड अजूनही निघते, वाहतूक वळवून निघते. ते पाहणाऱ्या नव्या रहिवाशाला म्हातोबा म्हणजे 'शिवाचे एक रूप' एवढेच सांगितले जाते. ते चूक नाही. पण तेवढेच सांगितले की बार्पेच्या रानाचा संबंध कळत नाही, आणि हिंजवडी-वाकड एकाच देवाची दोन गावे का, हेही कळत नाही.

१९/
खरा मुद्दा इथे आहे. गावोगाव जीर्णोद्धार होत आहेत. शेंदराचा तांदळा आत जातो, संगमरवरी मूर्ती पुढे येते. म्हसोबा शंकर होतो, जोगूबाई पार्वती होते, साती आसरा सप्तमातृका होतात. फलकावर नवे नाते लिहिले जाते आणि ते व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध असते. पण पार्वती हिमालयाची लेक. तिच्या लग्नात कोडीतची पालखी वा धनगराची काठी कशासाठी हवी? नाते बदलले की मान बदलतो. पुढच्या पिढीत तो मागायला गेले तर 'आधार काय?' असे विचारले जाते, आणि आधार असलेली कथा तोवर कोणाला आठवत नाही.

२०/
यावर एक आक्षेप रास्त आहे: जुन्या नात्यांना इतके गोड का म्हणावे? ती गोड नव्हतीच. झ्यूसच्या कितीतरी 'विवाहां'त स्त्रीच्या इच्छेचा प्रश्नच येत नाही. बाणाई अर्ध्या डोंगरावरच राहिली. आणि खंडोबाशी लग्न लावून सोडलेल्या मुरळ्यांनी देवाच्या सोयरिकीची किंमत आयुष्याने मोजली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांना त्या प्रथेविरुद्ध उभे राहावे लागले ते उगाच नाही. करार नेहमी बरोबरीच्या पक्षांतच होतो असे नाही. काही करार मोडायचेच असतात.

२१/
पण मोडणे वेगळे आणि पुसणे वेगळे. मुरळीची प्रथा मोडली ती ती होती हे मान्य करून, तिच्यातला अन्याय उघडपणे सांगून. बाणाईला गंगा करण्याने धनगरांना दिलेली अर्धी पायरी पूर्ण झाली नाही. फक्त ती अर्धी होती याचा पुरावा कमी झाला. ज्याला समतेची चाड आहे त्याला हा पुरावा हवा असला पाहिजे. शुद्ध वंशवृक्षात सगळे सुरळीत दिसते, कारण ज्यांनी तक्रार केली असती त्यांना फांदीच दिलेली नसते.

२२/
दुसरा आक्षेप श्रद्धेचा. देवाची नाती माणसांनी ठरवली म्हटल्याने देव लहान होतो का? ज्यांनी ही नाती ठरवली त्यांना तसे वाटले नाही. पालीला दर पौषात लग्न पुन्हा लागते. आधीचे लागलेले नव्हते म्हणून नाही, तर नाते दरवर्षी निभवावे लागते म्हणून. राजघराण्यांनाही हे कळत होते. देवगिरीच्या यादवांनी आपले कूळ यदूपर्यंत नेले, स्पार्टाच्या राजांनी हेराक्लिसपर्यंत. त्यांचे दावे ग्रंथांत आणि शिलालेखांत नोंदले गेले. धनगराने देवाला जावई केले, त्याची नोंद ओवीत राहिली. दावा दोन्हीकडे सारखाच. टिकण्याची सोय तेवढी वेगळी.

२३/
म्हणून पुढच्या भाद्रपदात गौरी आई की बहीण हा वाद निघाला, तर निकाल लावू नये. कोणत्या गावची, कोणत्या घरची, कोणाच्या आजीची ही रीत, एवढे विचारून लिहून ठेवावे. म्हातोबाची कथा हिंजवडीत एक ऐकली आणि वाकडला दुसरी, तर दोन्ही लिहाव्यात. देवळाच्या फलकावर पुराणातले नाव जरूर असावे. त्याखाली गावाने सांगितलेले नाते आणि मानाची गावेही असावीत. दोन ओळी जास्त लागतील, दगडाला त्यांचे ओझे होणार नाही.

२४/
ग्रीकांचे देव आज ग्रंथांत आणि संग्रहालयांत आहेत. त्यांची नाती होमर आणि हेसिअड यांच्या पानांवर थिजली, कारण त्यांना निभावणारी माणसे उरली नाहीत. सह्याद्रीतल्या देवांचे तसे झालेले नाही. चैत्रात बार्पेच्या रानातून लाकूड येते तोवर मुळशीचा म्हातोबा कोणाचा कोण, याचे उत्तर बदलू शकते, वाढू शकते, त्यावर भांडणही होऊ शकते. ज्या नात्यावर अजून भांडण होते ते नाते जिवंत असते.